हॉलिसची पक्कड आणि केटूराचा निरोप

“१४ जानेवारी, मंगळवार. पहाटेपासून वारा. पाणी दहालाच गेलं. हॉलिस रागावून आपली पक्कड घेऊन घरी गेला. संध्याकाळी केटूराशी बोलायचं.”

ओडेलबाई पँटिन यांनी वही मिटली आणि त्या शेडमध्ये जाऊन बसल्या. बेलमाँट वस्तीतल्या त्या भाड्याच्या शेडमध्ये कार्निव्हलचे पोशाख तयार होत. दोन महिन्यांपुरती जमलेली माणसं. कार्निव्हल संपला की ज्याची त्याची वाट वेगळी. म्हातारे सकाळी येत, चारला घरी जात. तरुण नोकरी सुटल्यावर येत. एकमेकांचं काम दिसे, तोंड दिसत नसे. या सगळ्यांची मोट बांधायची ती सत्तरी ओलांडलेल्या ओडेलबाईंनी.

शनिवारी कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या राजाचा पोशाख, म्हणजे भलाथोरला पक्षी, अंगावर चढवून बघायचा होता. शेपटीची तार वाकवायची बाकी होती, आणि ऐन हंगामात हॉलिसखेरीज तारेचा दुसरा कारागीर मोकळा नव्हता. शेपटी नाही तर राजा नाही.

साडेपाचला केटूरा आली. पोशाखाची आखणी तिची.

“तू हॉलिसने केलेला पंख कापलास?” ओडेलबाईंनी विचारलं.

“एकच, मिस ओडेल. फार रुंद होता, वाऱ्यात राजा आडवा झाला असता. मी फोनवरच्या ग्रुपवर कळवलं होतं. सगळ्यांनी अंगठे दिले.”

“हॉलिसने दिला?”

हॉलिसचा फोन बटणांचा. त्यावर फक्त हॅलो म्हणता येई. आणि दुसऱ्याने वाकवलेली तार त्याच्या पाठीमागे कापणं म्हणजे बेलमाँटमध्ये भरल्या ताटावरून उठवण्यासारखं.

“उचल तो न कापलेला पंख,” ओडेलबाई म्हणाल्या.

दोघी तो पंख दोन टोकांना धरून गल्लीतून निघाल्या. हॉलिस ओट्यावरच बसला होता.

“आता हा माझ्यादेखत कापायला आणलात?”

“नाही, अंकल. एकदा पाठीवर बांधून बघा.”

“मी बांधू? चाळीस वर्षं राजे सजवले मी, पोरी!”

“मग एकेचाळिसावा तूच हो,” ओडेलबाई म्हणाल्या. “की कंबर धरलीय?”

हॉलिस तणतणत उठला. केटूराने पट्टे आवळले. अंगणात वाऱ्याचा झोत आला तसा म्हातारा स्वतःभोवती गर्रकन फिरला आणि शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत जाऊन अडकला. आतून आवाज आला, “काढा मला! रुंद आहे, कबूल!”

चादरीतून सुटल्यावर मात्र तो हसला नाही. “रुंद होता. पण मला विचारायला काय झालं होतं?”

“चुकलं, अंकल. मला वाटलं, ग्रुपवर टाकलं की झालं.”

“मी काय ग्रुपमध्ये राहतो? मी इथे राहतो. हाक मार.” पट्टे सोडत तो म्हणाला, “दुसरा पंख मी कापणार. तू माप धर.”

ओडेलबाईंनी तिथेच ठरवून टाकलं: ज्याचं काम, तो समोर असल्याशिवाय त्या कामाला कोणी हात लावायचा नाही. आणि शेडमधलं जेवण दुपारऐवजी साडेपाचला. म्हाताऱ्यांनी त्यासाठी थांबायचं, तरुणांनी आल्याआल्या जेवायला बसायचं.

“साडेपाचला जेवण? मी काय कोंबडी आहे, दिवस मावळायच्या आत जेवायला?” हॉलिस कुरकुरला. बुधवारी तो पक्कड घेऊन आला आणि साडेपाचला त्याने दोनदा वाढून घेतलं. शेपटी त्याने केटूराला शेजारी बसवूनच वाकवली.

त्या रात्री ओडेलबाईंनी लिहिलं: “पेलाऊचा भात खाली लागला, तरी सगळ्यांनी मिळून संपवला. मोठं भांडं पाणी घालून मोरीत ठेवलं आहे.”