फुकटचा गॅस आन काकूची चूल

दुसरी पोळी तव्यावर टाकली आन गॅसचा जाळ एकदम बारीक झाला, मग भुडूक भुडूक वाजलं आन गेलाच. पोळी एका अंगानं कच्ची. काखंत पोरगी, हातात उलथणं, आन भाईर सोप्यात तालुक्याच्या ऑफिसातलं सायेब मांडी घालून बसल्यालं, त्यांच्या जीपमदनं आल्याली दुसऱ्या गावची माणसं, शेजारचं काका, समदी पंगतीला. मी पयलं सैपाकघराचं दार लोटलं. कारण ती माणसं माजी पोळी खायला आल्याली नव्हती, आमचा गोबरगॅस बगाया आल्याली. आन मामंजींनी त्यास्नी सांगून ठिवल्यालं, "ह्या घरात आता काडी पेटत न्हाई, समदं शेणावर चालतं."

मामंजी म्हंजे माजं सासरं, मिलिटरीतनं रिटायर झाल्यालं. सरकारनं सूट दिली म्हणून त्यांनी परसात खड्डा काढला, त्यात शेण आन पाणी कालवून घालायचं, वर लोखंडाची मोठी टाकी उपडी. गॅस धरला की टाकी वर येती, सरला की खाली बसती. ज्या दिशी पयला जाळ लागला त्या दिशी मामंजींनी वाडीतल्या बायांम्होरं आमची चूल पायानं पाडली. "चूल खतम!" असं हिंदीतनं म्हणलं. मला रडूच आलं, पर नवी सून, कुणाला सांगती? च्या पटकन व्हायचा, डोळ्याला धूर न्हाई, ते खरंच हाय, मी खोटं बोलत न्हाई. पर भाकरीच्या निम्म्यातच जाळ मरायचा, आन पोरीच्या आंगुळीचं पाणी तापवायला काईच न्हाई. मी लय येळा म्हणलं, एक बारकी चूल घालू का. मामंजी म्हणायचं, "चूल दिसली तर माजं नाक गेलं."

आत्याबाईचं, म्हंजे सासूचं, पयल्यापास्नं पटत नव्हतं. त्या म्हणायच्या, "शेण तेच. आदी वाळवून जाळत हुतो, आता भिजवून जाळतोय. ह्यात नवं काय?"

"अगं, फुकट हाय ते! शेण फुकट, पाणी फुकट."

"आन ही?" म्हणून आत्याबाई माज्याकडं बोट करायच्या. "ही बी फुकट?"

मामंजी तवा उठून गोठ्याकडं जायाचं. कारण आमची वाडी कवठे महांकाळच्या अंगाची, हिरीवरनं डोक्यावर पाणी आणायचं. आन जेवढं शेण तेवढं पाणी त्या टाकीला लागतंय. माजं माहेर कुंडलकडचं, पाटाचं पाणी बांधापतोर. तिथल्या पोरीला हितं दिलं आन वर एक पाणी पिणारं लोखंडाचं जनावर दारात बांधलं, असं मला वाटायचं. ऑफिसातल्या लोकांनी फायदा मोजला तवा लाकडं मोजली, राकेल मोजलं, पर माजं डोस्कं कुणी मोजलं न्हाई.

तर झालं काय, सायबांचा निरोप आला तो नेमका जत्रंत. पौषात जनावरांची जत्रा भरती, तवा आमच्या वाडीतला एक बी बैल घरी ऱ्हात न्हाई, शिंगं रंगवून समदी तिकडं. आमचं हे बी बैलं घिऊन गेल्यालं. घरी एकच म्हस, तिच्या शेणानं टाकीचं बूड बी भरत न्हाई. वाडीत शेणच न्हाई! मी पाटी घिऊन दारोदार फिरले, तर ज्या बाया आदी पाटीभर शेण हसत द्यायच्या त्या म्हणाल्या, "आता शेणाचं सोनं झालंय बाई, तुज्या सासऱ्यानंच सांगितलंय."

मग मामंजींनी हुकूम सोडला. माळ्यावरच्या शेणी काढा, पाण्यात भिजवा, परत शेण करा आन घाला टाकीत.

आत्याबाई म्हणाल्या, "आवं, वाळल्याल्या शेणीचं परत शेण हुतंय व्हय? पापडाचं परत पीठ करणार का?"

"तू गप. टेक्निकल हाय हे."

घरातलं समदं पाणी त्या शेणीवर गेलं. रांजण रिकामा, हंडा रिकामा, च्या-आमटीला आन प्यायाला कशीबशी एक कळशी उरली. शेणी तर नुस्त्या फुगून बसल्या, काड्या वर आल्या आन शेण आत जायाच्या नळीच्या तोंडात बोळा बसला. जुना गॅस थोडा हुता त्यावर च्या झाला, पुरण आदल्या दिशीच शिजवून वाटून ठिवल्यालं, आमटीला एक उकळी आली आन दुसऱ्या पोळीला हे असं.

मी परसात पळाले. "आत्याबाई, गॅस गेला!"

आत्याबाई अंगानं भारी. त्यांनी हिकडं तिकडं बगितलं, लुगडं सावरलं आन जाऊन सरळ टाकीवरच बसल्या. वजन पडलं की गॅस दाबानं येतो, हे त्यास्नी ठावं हुतं. "जा, लाव काडी!" मी आत पळाले, काडी लावली, फुर्र झालं, पोळीला एक डाग पडला, की परत अंधार.

तेवढ्यात जीपमदला एक गडी टाकी बगाया परसात आला. "आजी, तुमी वर का बसलाय वो?"

"उनं खाती बाबा. थंडी हाय."

"आन ही टाकी खाली का बसलीय?"

"मी बसलीय म्हणून."

तो बिचारा "व्हय, व्हय" करत गेला.

आता काय? परसाच्या भितीपल्याडच्या काकूला हाक मारली. तिचंच मालक म्हंजे ते काका, आमच्या पंगतीत बसल्यालं. "काकू, तुमची चूल पेटलीय का वो?"

"पेटलीय की. का गं? तुजा गॅस कुटं गेला?"

"जत्रंला गेला, बैलांसंगट."

काकू एवढी हसली की खोकलाच आला. पर बाई मनाची चांगली. मी भितीवरनं कणीक दिली, पुरण दिलं, तिनं तिकडं पोळ्या लाटायच्या, भाजायच्या आन भितीवरनं माज्या परातीत टाकायच्या. मी आपली पदराखाली परात झाकून आत न्यायची आन सैपाकघरात उगाच उलथणं वाजवायची, म्हंजे भाईर वाटावं भाजतीय.

भाईर तारीफ चालल्याली. सायेब म्हणत हुतं, "वा! गॅसवरच्या पोळीची चवच वेगळी. खरपूस!"

मामंजी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "एकसारखा जाळ असतो न्हवं, सायेब."

आन मग काका काय बोललं असतील? "सायेब, माजं बी नाव घाला. मी बी चूल काढून टाकतो."

भितीपल्याड लाटणं थांबलं. काकूनं टाच उचलून डोकं वर काडलं आन मला म्हणाली, "आगं, माज्या चुलीवर खाऊन माजीच चूल मोडायला निगालाय ह्यो!"

मी परात घिऊन आत पळाले. जेवणं झाली. सायबांनी आमटीचा हात वर धरला आन म्हणाले, "पाणी द्या जरा."

पाणी! रांजणात थेंब न्हाई, कळशी बी सरल्याली. मी दारात उभी, पोरगी काखंत, समद्यांचं हात वर, कोपरापतोर आमटीचं ओघळ. मामंजी वरडले, "सूनबाई, पाणी!" आन माज्या तोंडातनं भीतीनं निगूनच गेलं, "पाणी टाकीत गेलं समदं."

"कुठल्या टाकीत?"

"शेणाच्या. जेवढं शेण तेवढं पाणी लागतंय सायेब."

"आन आणतं कोण?"

"मी."

"कुठनं?"

मी माळाच्या खालच्या हिरीकडं बोट केलं. सायबांनी त्या वाटंकडं बगितलं, मग आपल्या हाताकडं बगितलं. जीपमदला एक म्हातारा खो खो हसाया लागला, "म्हंजे फुकटच्या गॅसला एक सून लागती म्हणा की! आमचं पोरगं तर बिनलग्नाचं हाय!" समदी हसली. मामंजी हसले न्हाईत.

सायबांनी रुमालानं हात पुसला आन मला बारक्या आवाजात इचारलं, "ते पाण्याचं मी वर सांगतो, ताई. पण जेवण तरी समदं गॅसवरच झालं ना?"

आता बगा. फुडं मामंजी, मिशा ताठ, डोळं माज्यावर. मागं काकूचं डोकं भितीवर. व्हय म्हणलं तर काकूची चूल मोडती आन आपली तर कधीच परत येत न्हाई. न्हाई म्हणलं तर सासऱ्याचं नाक चारचौघांत कापलं जातंय आन मला माहेरचा रस्ता. मी काय केलं, पोरीला हळूच, लय हळूच, एक चिमटा घेतला. तिनं जो सूर लावला, त्यात मी "आगं बया बया" करत आत पळाले. सायेब म्हणाले, "असू द्या, असू द्या." जीप गेली.

सांजच्याला मामंजी सैपाकघराच्या दाराशी आलं. मी पदर घेतला. ते तिसरीकडंच बगत म्हणाले, "पोळीला शेणीच्या धुराचा वास येत हुता."

मी परात पदराखाली सारली.

"मला पयल्याच घासाला कळलं." मग खाकरले. "चूल घाल. परसात, त्या भितीच्या अंगाला. फुडनं दिसाया नगं."

मी त्याच दिशी माती भिजवली. पाणी अर्ध्या कळशीत भागलं.

तवापास्नं आमच्या फुडच्या वट्यावर गॅस हाय, पाव्हण्याच्या च्याला, आन मागं चूल हाय, पोटाला. काकाचं नाव मातर लागलं. त्यांच्या परसात खड्डा काढल्याला हाय, टाकी बी आलीय. काकू काल भितीवरनं बोलली, "सायेब माज्या घरी जेवायला येणार हाय म्हणं. बैलं परत जत्रंला जायाच्या टायमालाच. ध्यानात ठिव, पोळ्या तुज्या चुलीवर भाजायच्या, आन भितीवरनं तू द्यायच्या."

व्हय म्हणाले मी, तिचं माज्यावर उपकार हायीत. पर सायेब मला वळखतो. त्यानं परत भितीपाशी यून इचारलं, ताई, समदं गॅसवरच का, तर आता पोरगी चालती झालीय, काखंत बी ऱ्हात न्हाई. तुमी माज्या जागी असता तर काय सांगितलं असतं?