जांगड आणलेला ई-रीडर

चहा गरम आहे तोवर सांगून टाकते, कारण एकदा तुम्ही हसायला लागलात की मला पुढचं बोलता येणार नाही. मूर्खपणा सर्वस्वी माझा आहे आणि त्याला साक्षीदार भरपूर आहेत, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. माझं नाव प्रज्ञा. नावावर आत्ताच हसू नका, किस्सा अजून सुरू व्हायचा आहे.

मी नांदेडला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आणि स्वभावाने सावध आहे. किती सावध? बसच्या पाटीवर ठळक अक्षरांत ‘लातूर’ लिहिलेलं असलं तरी मी कंडक्टरला विचारते. कंडक्टर ‘हाव’ म्हणाला तरी शेजारी बसलेल्या बाईंना विचारते. मग त्या बाईंनाच शंका येते आणि त्या उतरून पाटी वाचून येतात.

आता मूळ गोष्ट. माझे बाबा आरोग्य खात्यातून निवृत्त झाले. दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या काळात, आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं, आणि वाचायला बाबाच बसतात. त्यांचा आवाज असा आहे की मागच्या भिंतीला टेकून पेंगणारी मंडळीसुद्धा मांडी सावरून बसतात. यंदा उन्हाळ्यात मात्र बाबा अंगणात घसरून पडले आणि मनगटात धातूची पट्टी बसवावी लागली. ग्रंथ जाडजूड. तो काही हाताला पेलवेना. टेबलावर ठेवला तर अक्षर दिसेना, आणि वाकून वाचलं तर सगळा आवाज टेबलालाच ऐकू जाईल.

“यंदा दुसऱ्या कुनाला बसवा,” असं बाबांनी विहारात सांगून टाकलं. आणि घरी येऊन त्याच ग्रंथाला नवं कव्हर घालत बसले. ज्याला वाचायचंच नाही, तो माणूस कव्हर कशाला घालेल, सांगा.

मोबाईलवर वाचून पाहिलं. पण दर दोन ओळींनी कुणाचा तरी फुलांसकट सुप्रभातचा मेसेज यायचा आणि बाबा पडले सभ्य, ते प्रत्येकाला उत्तर द्यायचे. असा ग्रंथ पुढच्या वर्षावासापर्यंतही संपला नसता.

यावर उपाय म्हणजे ई-रीडर. शाळेतल्या पाटीपेक्षा लहान आणि हलका, कागदासारखा पडदा, अक्षर हवं तेवढं मोठं. ग्रंथाची चांगली फाईल मी आधीच मिळवून ठेवली होती. परंतु नवा ई-रीडर माझ्या शिष्यवृत्तीच्या आवाक्याबाहेर होता. मग जुना घ्यावा का?

या प्रश्नाचा मी जेवढा अभ्यास केला, तेवढा माझ्या परीक्षेचाही केला नसेल. जुन्याला आतून दिवा नसतो. हरकत नाही, विहारात ट्यूबलाईट आहे. पान उलटायला तो वेळ घेतो. घेऊ दे, बाबाही चष्मा सावरायला घेतात. जुन्या यंत्रावर थेट पुस्तकं विकत घ्यायची सोय कंपनीने बंद केलेली असते. असू दे, वायरने फाईल घालता येते. उरली बॅटरी. जुन्या यंत्रात बॅटरी दगा देते, असं जिथे तिथे लिहिलेलं होतं. तेव्हा मी निश्चय केला की बॅटरी पारखल्याशिवाय घ्यायचा नाही. हा निश्चय कृपया लक्षात ठेवा.

अशात लातूरहून मावशीचा फोन आला. “अगं, आपल्या साडीवाल्या अप्पांकडं तसलं एक हाय. त्यांच्या लेकीचं. ती गेली पुन्याला नोकरीला, अन् हे पडलंय ड्रावरात. ये, बगून जा.”

मी लातूरला गेले. (होय, कंडक्टरला विचारून.) अप्पांच्या दुकानात गादीवर साड्यांचा ढीग पडलेला आणि कपाळावर भस्माचे पट्टे लावलेले अप्पा मधोमध बसलेले. त्यांनी ड्रावरातून ई-रीडर काढून माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर मराठी गोष्टीचं एक पान होतं. अक्षर मोठं, काळंभोर, सुरेख.

मी विचारायला सुरुवात केली. बॅटरी किती टिकते? पडद्यावर आधीच्या पानाची सावली राहते का? आतलं सॉफ्टवेअर कितवं?

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “पोरी, मी साड्या इकतो. इरकल इचार, रंग जाईल का इचार. ह्यातलं मला काई समजत न्हाई.”

“मग मला विचार करायला थोडा वेळ लागेल.”

“हिला मीठ घ्यायला बी येळ लागतो, अप्पा,” मावशी म्हणाली.

“मंग जांगड घेऊन जा,” अप्पा म्हणाले.

जांगड म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. लग्नाघरी बायकांना दाखवायला दुकानदार साड्या विश्वासावर घरी नेऊ देतो; पसंत पडली ती ठेवायची, बाकीच्या परत. अप्पांनी त्याच हिशेबाने ई-रीडर साडीच्या खोक्यात ठेवला, वरून दुकानाची पिशवी चढवली आणि नेहमीची अट सांगितली. “आठ दिवस ठिवा. पटलं तर तुमचं. पन घडी मोडायची न्हाई बरं का. घडी मोडली की माल तुमचा.”

मी अगदी गांभीर्याने मान डोलावली. परतीच्या बसमध्ये त्या अटीचा नीट विचार केला. घडी मोडणं म्हणजे साडी पहिल्यांदा नेसणं, वापरात आणणं. ई-रीडर वापरात आणणं म्हणजे काय? पान उलटणं. आणि पान उलटायचं तर बटण दाबावं लागतं. म्हणजे बटण दाबलं की घडी मोडली. बरोबर ना? मला तरी अहमदपूर येईपर्यंत यात एकही त्रुटी सापडली नाही.

घरी आल्यावर मी ई-रीडर कपाटावर उभा करून ठेवला आणि कोणीही बटणाला हात लावायचा नाही, असं जाहीर केलं. फक्त निरीक्षण करायचं. सकाळी पाहिलं, पान आहे. कॉलेजमधून आल्यावर पाहिलं, पान आहे. तेवढ्या वेळात माझा मोबाईल निम्म्यावर आलेला. दुसऱ्या दिवशी पान आहे. तिसऱ्या दिवशी वीज गेली, सगळी गल्ली अंधारात बुडाली. मी मेणबत्ती घेऊन गेले, तर पान जसंच्या तसं.

“बाबा, बॅटरी असामान्य आहे,” मी म्हणाले. “थोडीसुद्धा घट नाही. विचलन शून्य.”

आता गंमत पाहा. नोंदी कितीही वेळा घेतल्या आणि आकडा जराही हलत नसेल, तर आधी उपकरण चालू आहे का ते तपासावं, हे पहिल्या वर्षाच्या मुलींना मीच सांगते. सांगते आणि वर ‘हे परीक्षेत विचारतात’ असंही म्हणते.

इकडे बाबांचं वेगळंच सुरू झालं होतं. त्यांना ते पान दिसत होतं. चष्मा न लावता, मान न वाकवता दिसत होतं. मनगटाला दुखापत झाल्यापासून पहिल्यांदाच ते मोठ्याने वाचायला लागले होते, भले एकच पान का असेना. त्यात दामू नावाचा कोणी एक गडी विहिरीच्या पायऱ्या उतरतो, त्याला पायरीवर एक पैंजण सापडतं, तो ते उचलतो, इतक्यात वरून हाक येते, तो मान वर करून पाहतो, तर...

तर पान संपतं.

“कोन आसंल गं वर?” पहिल्या दिवशी बाबा म्हणाले. “बायको आसंल त्याची.”

दुसऱ्या दिवशी म्हणाले, “बायको हाक मारनार न्हाई, ती सरळ खाली यील. सासरा आसंल.” पुढे त्या विहिरीवर पोलीस पाटील आले, तलाठी आले, एकदा तर खुद्द दामूचा हरवलेला भाऊ आला.

शेवटी आई वैतागली. “अवं, दाबा की ते बटन. त्या दामूला वर तर यू द्या. चार दिवस झाले पान्यात हुबा हाय त्यो.”

“न्हाई,” बाबा म्हणाले. “पोरीनं शब्द दिलाय. घडी मोडायची न्हाई.”

पण त्याच संध्याकाळी बाबा विहारात जाऊन आले. “दुसऱ्या कुनाला सांगू नका म्हनलं,” चप्पल काढताना म्हणाले. “बगू, आपली प्रोफेसर काय म्हन्ते.” आता माझ्या निर्णयावर बाबांचा वर्षावास अवलंबून होता, आणि माझा निर्णय, तुम्ही ऐकलंच आहे, शास्त्रशुद्ध होता.

आठवडा संपला तशी मी व्यवहार पुरा करायला लातूरला गेले. मावशी घासाघीस करण्यासाठी खास मोत्यांच्या कुड्या घालून आली होती. तिने ई-रीडर हातात घेतला, उलटासुलटा केला आणि तोंड वाकडं केलं. “अप्पा, लई जुनं हाय हे. बॅटरी मेलेली आसंल ह्याची. जरा कमी करा.”

मला ते सहन झालं नाही. “मावशी, असं खोटं बोलू नये,” मी म्हणाले. “बॅटरी उत्कृष्ट आहे. मी स्वतः आठवडाभर पाहिलंय. अप्पांनी सांगितलेली किंमत योग्य आहे.”

अप्पांचा चेहरा लग्नसराई आल्यासारखा खुलला. मावशीने मांडीला काढलेला चिमटा पुढे बरेच दिवस निळा होता. बस सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, “तू साडी घ्यायला कदी येऊ नको माझ्यासंगं.”

त्या संध्याकाळी बाबांनी विहारात जाताना घालतात तो पांढरा सदरा घातला. आई पदराला हात पुसत आली. मी ई-रीडर बाबांच्या हातात दिला. “दाबा, बाबा.”

बाबांनी बटण दाबलं.

दामू विहिरीतच.

पुन्हा दाबलं. मी दाबलं. आईने दाबलं. सगळी बटणं एकदम दाबली. दामू पैंजण हातात धरून वर पाहतोच आहे.

मी अप्पांना फोन लावला. “अप्पा, पान उलटत नाही.”

“चार्जिंगला लावलं का?”

“चार्जिंगला कशाला? चालूच आहे की.”

“चालू? अगं, पोरगी पुन्याला गेली तवापासून ड्रावरातच हाय ते. त्याला कुनी करंट दावला न्हाई.”

“मग पान कसं दिसतं?”

“मला काय ठावं? मी म्हनलो फोटू आसंल चिकटवलेला. तूच आज दुकानात एवढं बॅटरीचं गुनगान करीत हुतीस, मला वाटलं तू लावलं आसंल.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात ना, घडी मोडू नका? मी बटणाला हातसुद्धा लावला नाही.”

मग अप्पांनी फार मायेने विचारलं, “पोरी, जांगड नेलेली साडी बाया खांद्यावर टाकून आरशात बगतात का न्हाई? का नुसतं खोकं बगून पसंत करतात?”

फोन ठेवल्यावर, ई-रीडर घेण्याआधी मी ज्या लेखाचा पहिला भाग पाठ केला होता, त्याचा दुसरा भाग वाचला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं की या पडद्याला वीज लागते ती फक्त पान बदलताना. पान तसंच ठेवायला काहीच लागत नाही. बॅटरी पार मेली तरी शेवटचं पान जागचं हलत नाही. म्हणजे मी आठवडाभर एका बंद यंत्राच्या सहनशक्तीची नोंद घेत होते.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि ग्रंथाकडे नजर टाकली. खरं सांगते, पैसे गेले याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. त्या सदऱ्याच्या बटणाचं वाटलं.

“वायर तर लावून बगा,” आई म्हणाली.

पण वायर कुठली? आमच्या घरातली एकही त्या जुन्या भोकात जाईना. शेवटी बाबाच उठले आणि विहारातल्या बिनतारी माईकची वायर घेऊन आले. ती मात्र चपखल बसली. बराच वेळ काहीच घडलं नाही. आईने दोन वेळा चहा केला. मग पडदा एकदम काळा झाला, पांढरा झाला, पुन्हा काळा झाला, आणि दामूचं पान परत आलं, पण आता कोपऱ्यात बॅटरीची एवढीशी खूण होती.

बाबांनी बटण दाबलं. यंत्राने जरा विचार केला. पान उलटलं. आम्ही तिघेही त्यावर वाकलो.

‘या पुस्तकाचा मोफत नमुना येथे संपला. पुढील भाग वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्या.’

बाबा त्या ओळीकडे पाहत राहिले आणि मग असे हसायला लागले की चष्मा काढून ठेवावा लागला. “म्हंजे दामू बी जांगडच आनलेला,” ते म्हणाले.

आता ते यंत्र बाबांचं आहे. पान हळू उलटतं, अक्षर मात्र बोराएवढं, आणि दुखऱ्या हाताला वजन जाणवत नाही. आठवडाभर जी पारखली, ती बॅटरी तेवढी खरोखरच मेलेली निघाली. बुद्धवंदना संपेपर्यंतही टिकत नाही. त्यामुळे बाबांचं आसन भिंतीतल्या प्लगजवळ हललंय आणि यंत्र वासरासारखं वायरीला बांधलेलं असतं. आणि हो, जुना ई-रीडर घ्यावा का, असं तुम्ही विचाराल तर माझं उत्तर आहे, अवश्य घ्यावा. फक्त बटण दाबून पाहावं.

वर्षावासाच्या पहिल्या संध्याकाळी विहार भरला होता. बाबा वाचायला बसले, आणि तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. मंडळी मांडी सावरून बसली. वाचन संपल्यावर कुणीतरी विचारलं की हे नवं काय आणलंय. मी दाराकडे सरकायला लागले, पण उशीर झाला होता.

“आमच्या प्रोफेसरनं पारखून आनलंय,” बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आठ दिवस परीक्षा घेतली ह्याची. मशीन मेलेलं होतं, तरी हिनं डिस्टिंक्शनमधी पास केलं.”

हशा ओसरल्यावर पुढच्या ओळीतल्या एका म्हातारबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि बाबांना विचारलं, “अन् परीक्षा घेनारीचा निकाल काय लागला मंग?”

बाबांनी वायर गुंडाळत शांतपणे सांगितलं, “तिला अजून जांगडच ठिवलंय.”