वन्संचं बघणं आणि घमेलंभर गंधक

माझ्या नणंदेला बघायला आलेले पाहुणे पोहे पुढ्यात येण्याआधीच रडायला लागले होते.

पोरीचा त्यात काही दोष नव्हता. दोष माझ्या डोक्याचा! आज नातवंडं मला हुशार म्हणतात, कारण कळसच्या या घरात नवी सून म्हणून आलेली ती बया त्यांनी पाहिलेली नाही. डोक्यावर पदर आणि पदराखाली नसत्या चौकशा! गावात शेतीखात्याचे साहेब येऊन सांगून गेले, "गंधक दिलं की कांद्याला तिखटपणा येतो." बाकीच्या बायका माना हलवून घरी गेल्या. मला प्रश्न पडला, जास्त दिलं तर किती तिखट? लागणीआधी जिथं ओंजळभर टाकायचं, तिथं मी विहिरीजवळच्या वाफ्यात अख्खं घमेलं पालथं केलं. (मामंजींना वाटलं, पोतं उंदरांनी फोडलं.)

कांदा निघाला देखणा. नेमके तेव्हाच कन्हेरीचे पाहुणे यायचे ठरले. स्थळ चांगलं, वन्संनी मुलाला जत्रेत आधीच बघून ठेवलेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "पव्हं कर, वर पेरायला कच्चा कांदा चीर." मी मुद्दाम त्याच वाफ्यातले घेतले. परीक्षेला याहून चांगला दिवस कुठला!

पहिल्या कांद्याला मला विळी दिसेना. दुसऱ्याला मांजर घर सोडून गेलं. त्यात कुणीतरी पंखा लावला (मीच!) आणि सगळा झणका थेट बाहेरच्या खोलीत.

वन्सं ट्रे घेऊन बाहेर गेल्या त्या गालांवर धारा घेऊनच.

"समदं आमच्या सुनंदानं केलंय हां," आत्याबाई वन्संकडे हात करून नाक ओढत म्हणाल्या.

मुलाच्या आईनं डोळे पुसले. "पोरी, तुझ्या मनाविरुद्ध चाललंय का?"

"न्हाय वो! मला पसंत हायत!" वन्सं हुंदका देत ओरडल्या.

मुलगा लाजला, पण त्याचेही डोळे गळत होते.

"आरं, तू का रडतुयास?" त्याचे वडील हादरले. "तुझं दुसरीकडं काय हाय का?"

"न्हाय, आबा!"

पाहुणे उठायच्या बेतात. वन्संचा चेहरा बघून मला राहवेना. मी दारातूनच ओरडले, "ते रडणं न्हाय! गंधक हाय!"

आबांचा घास तोंडातच थांबला. "पव्ह्यात गंधक घातलंय?"

"पव्ह्यात न्हाय, कांद्यात!"

"कांद्यात?"

"म्हंजी वाफ्यात! घमेलंभर!"

मामंजींनी माझ्याकडे सावकाश मान वळवली. उंदीर निर्दोष सुटले.

मुलाच्या आईनं बशीतला कांदा बोटानं बाजूला सारला आणि म्हणाली, "पोरगी गोड हाय. एकच इचारते. पव्हं हिनंच केल्यात का?"

आत्याबाई पदरानं पुन्हा नाक पुसायला लागल्या.

"मी केल्यात," मी म्हणाले.

"आन् त्यो कांदा?"

"त्यो बी माझाच."

"मग ठरलं! साखर आणा."

लोकांच्या मुली स्वतःच्या गुणांवर पसंत पडतात. आमच्या वन्सं माझ्या अवगुणांवर पडल्या!