पाहुण्यांआधी रंगवलेली भिंत

रंगारी भिंतीवर दुसरा हात मारत होता आणि मी सारखा रस्त्याकडे बघत होतो. अमेरिकन क्लायंटला घेऊन आमची व्हॅन हॉटेलवरून निघाली होती. स्टुटगार्टजवळच्या आमच्या प्लांटमध्ये रेडिएटर बनतात. थोडा माल अमेरिकन लष्कराच्या ट्रकसाठी जातो. ही व्हिजिट माझ्या अंगावर होती.

सकाळी भिंतीवर लाल स्प्रेने लिहिलेलं सापडलं, 'अमी गो होम'. अमी म्हणजे अमेरिकन. खाली आमच्या व्हॅनचा नंबर आणि आगीचं चित्र. मी ते वाचलं होतं. तरी सुरक्षा विभागाला, इथल्या भाषेत वेर्कशुत्सला, कळवलं नाही. फोटोही काढला नाही. पुण्याच्या कारखान्यात मोठे साहेब येणार म्हटलं की आधी भिंती रंगवायच्या. ती सवय इथेही सुटली नाही.

व्हिजिट छान चालली. जेवताना क्लायंटचा माइक म्हणाला, "माझे वडील जर्मनीतच अमेरिकन लष्करी तळावर होते. बॉम्बच्या भीतीने रोज गाडीखाली आरसा धरून बघायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा असं करतात."

सगळे हसले. मला भिंतीवरचा व्हॅनचा नंबर आठवला. उठून सरळ फ्राउ केलरांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. त्या वेर्कशुत्सच्या प्रमुख, निवृत्तीला आलेल्या.

"नंबर होता? आणि मिस्टर साठे, तुम्ही त्यावर रंग मारलात?"

"पाहुण्यांसमोर वाईट दिसलं असतं."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता भिंत फार सुंदर दिसते." बोलता बोलता त्यांनी व्हॅनचा ड्रायव्हर द्रागान याला फोन लावला. त्याने उचलला नाही.

आम्ही धावलो. मागच्या, कुंपणाबाहेरच्या पार्किंगमध्ये व्हॅनचं चाक पेटलं होतं, आणि द्रागान जॅकेटने आग विझवत होता. त्याचा उजवा हात भाजला.

पोलिसांनी फोटो मागितला, अक्षराचं वळण विचारलं. माझ्याकडे काहीच नव्हतं.

हॉस्पिटलच्या बाकावर केलरबाई माझ्याशेजारी बसल्या. "ऐंशीच्या दशकात अमेरिकन क्षेपणास्त्रांविरुद्धच्या मोर्चांत मीही होते. लाखो लोक, हातात मेणबत्त्या. आमचं म्हणणं चूक नव्हतं. पण त्याच काळात काहीजण तळांवर बॉम्ब ठेवत होते. माणसं मरत होती. आमच्यातल्या काहींना कुणाकुणाचा संशय होता. आम्ही विषय बदलायचो."

"का?"

"आपली बाजू वाईट दिसू नये म्हणून."



आग लावणारे सापडले नाहीत. लष्कराला जाणाऱ्या मालाविरुद्ध दर शनिवारी गेटबाहेर निदर्शनं करणारी मंडळी बाबागाड्या घेऊन येतात, गाणी म्हणतात. त्यांनी या प्रकाराचा निषेध केला. पण प्लांटमध्ये आता सगळे त्यांनाच आग लावणारे म्हणतात. खरे कोण, हे सांगू शकेल असं काही मी शिल्लक ठेवलं नव्हतं.

मला आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद मिळाली. ऑर्डर टिकली. द्रागानची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. तो आता स्टोअरमध्ये बसतो. मी त्याला सगळं सांगितलं. नंबर होता, मी वाचला होता, हेही.

त्याने हातातल्या बॉक्सवर लेबल चिकटवलं. मग म्हणाला, "मला एक फोन केला असतात, तर मी गाडी आत लावली असती."

नव्या इंजिनियरांना मी व्हिजिटची तयारी शिकवतो. पहिला फोन ड्रायव्हरला करायला सांगतो. ते लिहून घेतात. का, ते विचारत नाहीत.