तेरा महिन्यांचं वर्ष

यल्लव्वा निपाणीकडची. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथ कामगारांना ती पंधरा वर्षं डबे पुरवते. तिच्या माडीवर मी भाड्यानं राहते.

तिचा एकुलता मुलगा गिरीराज. कारखान्यातलं तांबं चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचललं. तिसऱ्या दिवशी सोडलं, तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. पाचव्या दिवशी तो दवाखान्यात वारला. पोलिसांनी कागदावर लिहिलं, जिन्यावरून पडला. त्या चौकीला जिनाच नाही.

तेराव्यानंतर मी म्हणाले, "अक्का, मानवाधिकार आयोगाकडे लिहू. ते पोलिसांना जाब विचारू शकतात."

तिचे दीर आप्पाजी मध्ये पडले. "वर्ष होऊ दे. त्याच्या आत कोर्टकचेरी केली तर पोराचा जीव अडकतोय."

"भाऊजी शिंकतात ते बी पंचांग बघून," यल्लव्वा म्हणाली. पण ऐकलं त्यांचंच. वर्षभर ती देवळाची पायरी चढली नाही, नवं लुगडं नेसली नाही. गिरीराजचा रक्त लागलेला शर्ट मात्र तिनं न धुता पेटीत ठेवला. "ह्यो दाखवायचा त्यांस्नी."

त्या वर्षी अधिक महिना आला. वर्षश्राद्ध तिथीनं झालं, तेरावा महिना चालू असताना. दुसऱ्याच सकाळी ती माझ्याकडे आली. मी अर्ज लिहिला, शर्टाचा फोटो जोडला. तिनं कन्नडमध्ये सही केली, एकेक अक्षर दाबून.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मी ते मराठीत सांगितलं. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर केलेली तक्रार आयोगाला चौकशीला घेता येत नाही. प्रकरण बंद.

"म्हंजे पोलिसांस्नी विचारलंच नाही?"

"नाही. फक्त तारीख बघितली. अठरा दिवस जास्त झाले, अक्का."

"आणि शर्ट?"

"तिथवर कुणी गेलंच नाही."

हा नियम मला ठाऊक असायला हवा होता. तेराव्यानंतर एकदा जरी तो वाचला असता, तर मी आप्पाजींशी भांडले असते.

आप्पाजी भिंतीला टेकून बसले होते. "वैनी, मी..."

यल्लव्वा आत गेली, ताट वाढून आली आणि त्यांच्यापुढं ठेवलं.

"जेवा. तुमी काय त्याला मारलासा?"

त्यांनी ताटाला हात लावला नाही. ती तिथंच उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "जेवा म्हंते न्हवं."