शनीचं तेल आणि माझा गुडघा

डॉक्टर माझ्या पावलावर बसले आणि दोन्ही हातांनी नडगी ओढली. टेबलाचा खण यावा तशी ती पुढं आली. "क्रुशिएट लिगामेंट तुटलंय," ते म्हणाले. म्हणजे मांडी आणि नडगी आतून बांधून ठेवणारी दोरी.

विहिरीवर मोट हाकताना मी मोटेच्या दोरावरून, नाड्यावरून, उडी मारली, पाय मातीत रुतला आणि अंग फिरलं, तेव्हाच ती तुटली होती. पण मिरजगावात आमचे मामा आहेत ना! "शीर चढलीया," म्हणून त्यांनी पाय असा ओढला की बैल परवडला. सूज उतरली, पण मोट विहिरीत सोडायला उतारावर बैल मागं घेताना गुडघा सटकायचा. मागं विहीर! मोट हाकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. गुडघा धरला नाही तर मळा गेला.

नगरच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक चिवट पडदा असतो, त्याला फॅसिया म्हणतात. त्याची लांब पट्टी काढली, दोन्ही हाडांना भोकं पाडून ओवली आणि शिवली. वर जांघेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. "दोरी रुजायला वेळ लागेल. आत काही घालू नका," डॉक्टर म्हणाले.

मामा शेजारीच उभे होते. ऐकतील तर मामा कसले! शनिवारी शिंगणापूरला गेले, देवावरचं तेल तांब्याभर आणलं आणि मला डोळा लागल्यावर प्लास्टरात ओतलं.

"देवाचं हाय, बादत न्हाई."

देवाचं होतं, पण मुंग्यांना कुठं कळतं? आत शिरल्या. पाय हलवायचा नाही, खाजवता येत नाही. मी ढसाढसा रडलो. लढाईमुळं विलायतेहून येणारी प्लास्टरची पूड मिळता मिळेना, ती या शहाण्याच्या तेलात गेली. डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. जखम चिघळली होती. "दोरी रुजेल का, आता सांगता येत नाही," म्हणाले.

पुन्हा प्लास्टर, पुन्हा वाट बघणं. शेवटी प्लास्टर काढून डॉक्टर पावलावर बसले, नडगी ओढली. हलली नाही.

"बगितलंस? शनिद्येवाचं त्याल!" मामा.

पायात बळ असतं तर लाथ घातली असती. डॉक्टरांच्या मात्र पायांवर डोकं ठेवलं. आज मोट हाकतो. उकिडवं बसता येत नाही, पण विहिरीची भीती गेली. तुमचा गुडघा सटकत असेल तर आधी घरातला मामा आवरा.

प्लास्टरात पडल्या पडल्या बोललेला नवस फेडायला शिंगणापूरला गेलोच. देवाशी माझं भांडण नाही. तिथल्या रीतीप्रमाणं अंघोळ करून ओल्या धोतरानं तेल घातलं, आणि मामांनी हात पुढं केला तरी तांब्या सोडला नाही. शेवटचा थेंब देवावर पडेपर्यंत तो उपडाच धरला.