काचेतला बिल्ला

बोळिंजला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक काचेची पेटी आहे. आत मखमलीवर एक बिल्ला आणि खाली पितळी पट्टी: ‘एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या हेराकडून जप्त.’ पाहुणे आले की चेअरमन त्यांना आधी तिथे नेतो. हेर पकडणारा म्हणे त्याचा आजोबा. काय ते शौर्य! मी ते या डोळ्यांनी पाहिलंय.

मी तेव्हा चौथीत होते. ब्लॅकआउट चालू होता, दिवेलागणीला खिडक्यांना काळे कागद लागायचे. पाड्यावरचा वारली म्हातारा रोजच्यासारखा ताडावर मडकं बांधायला चढला आणि वर बसून त्याने बिडी पेटवली. झालं! चेअरमनच्या आजोबांना वाटलं, हा विमानांना खुणा करतोय. बिडीने! चार धटिंगणांनी त्याला खाली उतरवला. “मी बर्माला लडलो,” असं ओरडत त्याने कनवटीचा बिल्ला काढून दाखवला. त्यावर इंग्रजांच्या राजाचं तोंड. परदेशी तोंड, म्हणजे परदेशी हेर, इतकी यांची अक्कल! त्याच ताडाला त्याला बांधून घातला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सोडून दिला, पण बिल्ला आजोबांच्या कपाटात राहिला. म्हाताऱ्याला मात्र मरेपर्यंत सगळे ‘हेर’च म्हणत राहिले.

त्याची नात आमच्या हॉलची झाडलोट करते. ती पेटीसुद्धा तीच पुसते, आतून-बाहेरून. तिचं मागणं एवढंच, की पट्टी काढा आणि आज्याचा बिल्ला परत द्या. कोणी ऐकेना. यंदा झेंडावंदन झाल्यावर मीच तिला घेऊन चेअरमनसमोर उभी राहिले.

“अरे, हा आपल्याच फौजेचा बिल्ला आहे. तेव्हा फौज इंग्रजांची होती, एवढं तरी शाळेत शिकलास ना?”

“काकू, मग तो त्या जंगलातल्या माणसाकडे कसा आला? चोरला असेल.”

मेल्याच्या अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता आणि डोक्यात भुसा! मी तोंड उघडणार, तोच नातीने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि बिल्ला पदरात बांधला.

“साहेब,” ती म्हणाली, “चोरीचा माल कोनाच्या कपाटात निघाला?”

हातात जिलेबीच्या प्लेटी घेतलेल्या मंडळींनी बाजूला सरून तिला वाट दिली. ती चपला घालून निघून गेली.